वाचकांचे प्रश्न : गाय काढायला घेतली आणि कुत्रा झाला

साध्या रेखाटनांविषयीच्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांतून पाच प्रश्न येथे घेतले आहेत. बहुतेक पत्रलेखकांना चित्रकार व्हायचे नाही. आपण काय काढले आहे हे समोरच्याला तोंडाने सांगावे लागू नये, एवढीच त्यांची इच्छा आहे. शाळेत अनेक वर्षे चित्रकला शिकवल्यानंतर मला ही इच्छा रास्त तर वाटतेच, शिवाय ती बहुतेकांना साधण्यासारखी आहे, असेही मी खात्रीने सांगू शकतो.

प्रश्न : माझे वय ६३ वर्षे असून मी बँकेतून निवृत्त झाले आहे. चार वर्षांची नात रोज वही घेऊन येते आणि ‘आजी, गाय काढ’ म्हणून हट्ट धरते. मी मन लावून गाय काढते आणि ती आनंदाने ‘भूभू’ म्हणून टाळ्या पिटते. शाळेपासूनच माझ्या हाताला चित्रकलेचे वळण नाही. आता या वयात ते येईल का? (निवृत्त बँक कर्मचारी, सांगली)

उत्तर : ज्या हाताने आपण इतकी वर्षे सही केली आणि ज्याची प्रत्येक सही नमुना सहीशी जुळत राहिली, त्या हाताला वळण नाही हे मी मान्य करणार नाही. आपला हात ठीक आहे. अडचण त्याच्या आधीची आहे. ‘गाय’ हा शब्द कानावर पडताच आपल्या मनात एक आडवे धड, चार पाय, एक डोके आणि एक शेपूट एवढाच आराखडा उभा राहत असावा. हा आराखडा गायीला लागू पडतो, तसाच कुत्र्याला, शेळीला आणि घोड्यालाही लागू पडतो. नातीने त्यातला तिला सर्वांत ओळखीचा प्राणी निवडला, यात तिची काहीच चूक नाही.

म्हणून पेन्सिल उचलण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : या प्राण्याजवळ असे काय आहे, जे इतर तिघांजवळ नाही? आपल्याकडील देशी गायीच्या बाबतीत याचे उत्तर सोपे आहे. खांद्यावर वशिंड असते, गळ्याखाली पोळी (सैल कातडीची घडी) लोंबते, शिंगे असतात आणि शेपटीच्या टोकाला गोंडा असतो. यांतील वशिंड आणि पोळी या दोनच गोष्टी बाह्यरेषेत आल्या, तरी डोळे, नाकपुड्या आणि खूर न काढताही ती गायच दिसेल. कुत्र्याचे पोट मागच्या पायांकडे जाताना वर ओढले जाते, त्यामुळे त्याची कंबर बारीक दिसते. गायीचे पोट मात्र जवळजवळ सरळ जाते किंवा मध्ये खाली झुकते. आपण नकळत पोटाची रेषा मागे वर चढवत असाल आणि शेपूटही वर वळवत असाल, तर आपली गाय भुंकणारच.

आपण सांगलीच्या आहात, म्हणजे खिल्लार जनावरे आपल्या पाहण्यातील असणार. खिल्लाराची लांब शिंगे आधी मागे जातात आणि मग डौलाने वर वळतात. याउलट गीर गायीचे कपाळ पुढे फुगीर असते आणि लांब कान खाली लोंबतात. म्हैस काढायची असेल तर वशिंड गाळावे, पाठ सरळ ठेवावी आणि सारे लक्ष शिंगांवर द्यावे : पंढरपुरी म्हशीची शिंगे खांद्याच्याही मागे पोचतात, तर मुऱ्हा म्हशीची कानाजवळच जिलबीसारखी घट्ट वळलेली असतात. एका जातीची शिंगे दुसरीच्या डोक्यावर बसवली, तर शहरातील वाचकाला कदाचित कळणार नाही. परंतु गोठ्यात वाढलेले पोर लगेच हसेल.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. मोबाइलवर ‘गाय कशी काढावी’ असे शोधले, तर बहुधा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, बिनवशिंडाची विलायती गाय समोर येते. ती काढायला सोपी असते, पण आपल्या नातीने रस्त्यावर किंवा देवळासमोर पाहिलेली गाय ती नसते.

सरावासाठी एक जुनी युक्ती सांगतो. गायीची बाह्याकृती काढून ती आतून पूर्ण काळी भरावी, जणू कंदिलाच्या उजेडात भिंतीवर पडलेली सावलीच. डोळे, ठिपके, गळ्यातली घंटा असा कोणताही आधार तेथे मिळत नाही. अशी सावली घरातील दुसऱ्या कुणाला दाखवावी आणि त्याने न सांगता ‘गाय’ म्हटले, तरच पुढे तपशील भरावेत. तो अडखळला, तर डोळ्यांना पापण्या काढून उपयोग नाही. बाहेरच्या रेषेत काय राहून गेले ते शोधावे. हीच कसोटी पक्ष्यांनाही लावता येते. कबुतराचे डोके लहान, चोच बारीक आणि छाती पुढे आलेली असते, तर कावळ्याची चोच जाड आणि डोक्याच्या मानाने मोठी असते. आर. के. लक्ष्मण यांना कावळ्यांचे मोठे वेड होते आणि त्यांनी ते असंख्य वेळा काढले. एकाच पक्ष्याकडे पुन्हापुन्हा वळण्याची ही सवय नवशिक्यानेही लावून घ्यावी. नातीसाठी महिनाभर फक्त गाय काढा. हत्ती आणि घोडा पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत असून एलिमेंटरी (शासकीय रेखाकला) परीक्षेची तयारी करत आहे. वस्तुचित्रात त्याचा तांब्या नेहमी एका बाजूला कललेला दिसतो आणि पेला जमिनीवर टेकल्यासारखा न दिसता चिकटवल्यासारखा दिसतो. छायांकन मात्र तो सुरेख करतो. चूक नेमकी कोठे होत असावी? (पालक, डोंबिवली)

उत्तर : चित्र न पाहताही मी पैजेवर सांगेन की चूक पेल्याच्या बुडाशी आहे. शासकीय रेखाकला परीक्षेच्या वस्तुचित्राच्या शेकडो उत्तरपत्रिका मी वर्गात सराव म्हणून तपासल्या, आणि त्यांतील बहुसंख्य पेल्यांचा काठ लंबगोल, तर बूड मात्र पट्टीने आखल्यासारखे सरळ असे. मुलाचा तर्क असा असतो : पेला सपाट टेबलावर ठेवला आहे, म्हणजे त्याचे बूड सपाट, म्हणून रेषा सरळ. हे ज्ञान खरे आहे, पण डोळ्यांना तसे दिसत नाही.

घरी एक प्रयोग करून पाहावा. स्टीलचा पेला हातात धरून त्याचा काठ बरोबर डोळ्यांच्या पातळीवर आणावा. काठ तेव्हा एका सरळ रेषेसारखा दिसेल. आता पेला हळूहळू खाली न्यावा. जसजसा तो खाली जाईल, तसतसा काठाचा लंबगोल उघडत जाईल आणि पायांजवळ ठेवला, तर जवळजवळ पूर्ण वर्तुळ दिसू लागेल. यावरून एक नियम हाती येतो : डोळ्यांच्या पातळीपासून वर्तुळ जितके खाली, तितके ते अधिक उघडे दिसते. टेबलावरील पेल्याचे बूड त्याच्या काठापेक्षा खाली असते. म्हणून बुडाची कड काठाच्या पुढच्या कडेपेक्षाही थोडी अधिक गोलाईने काढली पाहिजे. एवढी एक दुरुस्ती केली की पेला टेबलावर बसतो. लंबगोलाच्या दोन्ही टोकांना मुले टोकदार कोपरे काढतात, तीही सवय मोडावी. लंबगोलाला कोठेही कोपरा नसतो. तेथे रेषा अरुंद होते, पण वळतेच.

कललेल्या तांब्यासाठी मध्यरेषा हाच उपाय आहे. प्रथम कागदावर एक उभी, फिकट रेषा आखावी. तिच्यावर काठ, गळा, पोटाचा सर्वांत रुंद भाग आणि बूड अशा चार जागी आडव्या खुणा कराव्यात आणि प्रत्येक खुणेवर डावीकडचे व उजवीकडचे अंतर सारखे आहे का, हे पेन्सिलीने मोजावे. मुले डावी बाजू आधी पूर्ण काढतात आणि मग उजवी तिच्याशी जुळवायला जातात. त्याऐवजी दोन्ही बाजू बरोबरीने, गळ्यापासून पोटाकडे उतरवत न्याव्यात.

प्रमाण घेण्याची पद्धत आपल्या मुलाला शाळेत शिकवली असेलच, पण ती बहुधा चुकीची वापरली जाते, म्हणून पुन्हा सांगतो. हात कोपरात न वाकवता पूर्ण ताणावा, एक डोळा मिटावा, पेन्सिल उभी धरून तिचे टोक तांब्याच्या काठाशी जुळवावे आणि अंगठा बुडाशी आणावा. तेच माप आडवे फिरवून रुंदी उंचीत किती बसते, ते पाहावे. हात कोपरात जरासा वाकला तरी माप बदलते. दर वेळी हात पुरता ताणायचा, याचे कारण तेवढेच. सेंटिमीटरमध्ये किती, हा प्रश्नच येथे नसतो. रुंदी उंचीच्या पाऊणपट आहे की जवळजवळ तेवढीच आहे, एवढे कळले की पुरे.

छायांकन सुरेख असूनही चित्र फसते, याचे कारण मुलांना सगळ्यांत आधी छायांकनच करावेसे वाटते आणि आपण पालकही त्याचेच कौतुक करतो. पुढील दोन आठवडे त्याला छायांकनाची पूर्ण बंदी करावी. कुरकुर होईल, ती सोसावी.

प्रश्न : सुरुवातीला कोणती पेन्सिल आणि कोणता कागद घ्यावा? खोडरबर वापरू नये असे ऐकले, ते खरे आहे का? (वाचक, लातूर)

उत्तर : एचबी आणि ४बी अशा दोन पेन्सिली पुरेत. ‘बी’ पुढचा आकडा वाढला की पेन्सिल मऊ आणि काळी होते, ‘एच’ पुढचा आकडा वाढला की कडक आणि फिकट होते. झेरॉक्सचा ७५ किंवा ८० जीएसएमचा कागद सरावाला चांगला. महागडी वही घेतली की तिचे पान खराब होईल या धास्तीने हात आखडतो, असे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. जुन्या दिनदर्शिकेची कोरी बाजू याबाबतीत आदर्श होय. खोडरबराविषयी म्हणाल, तर त्यात काही पाप नाही. मात्र चुकीची रेषा आधी खोडू नये. ती तशीच ठेवून शेजारी बरोबर रेषा काढावी आणि मगच चुकीची पुसावी. चुकीची रेषा समोर असली की किती अंतर सरकायचे, ते कळते; ती आधीच पुसली की हात पुन्हा त्याच जागी जातो.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग एकत्र शिकवतो. ‘मुलगी पाणी भरते’, ‘बाबा झाड लावतात’ अशी वाक्ये फळ्यावर चित्रांसह लिहायची असतात. माझी माणसे काडीसारखी, निर्जीव उभी राहतात. पाच-सात रेषांत कृती दिसेल असे काही सांगावे. (शिक्षक, पालघर जिल्हा)

उत्तर : आपण ज्या जिल्ह्यात शिकवता, तेथील घरांच्या भिंतींवर या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेले आहे. वारली चित्रातील माणूस म्हणजे टोकाला टोक भिडवलेले दोन त्रिकोण, एक वर्तुळाकार डोके आणि काडीसारखे हातपाय. डोळे, नाक, तोंड यांपैकी काहीच नाही. तरीही कोण नाचतो आहे, कोण भात लावतो आहे आणि कोण तारपा वाजवतो आहे, हे लांबूनही ओळखता येते. डहाणू परिसरातील जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी ही चित्रे भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. त्यांच्या चित्रांत शेकडो माणसे असतात, पण दोन माणसांची ढब सहसा सारखी नसते.

आपली काडीमाणसे निर्जीव दिसतात, कारण त्यांचे धड एकच उभी काडी असते आणि काडीला कंबर नसते. वारली आकृतीत दोन त्रिकोण जेथे भेटतात, तेथे कंबर असते. वरचा त्रिकोण पुढे कलला की माणूस वाकतो, मागे कलला की तो ओढतो किंवा उचलतो. पाणी भरणाऱ्या मुलीसाठी खालचा त्रिकोण जवळजवळ उभा ठेवावा, वरचा पुढे झुकवावा, दोन्ही हात एकाच बिंदूकडे न्यावेत आणि तेथे हंडा काढावा. झाड लावणाऱ्या बाबांसाठी गुडघे मोडावेत. कृती दाखवताना चेहऱ्यावर वेळ घालवू नये. धड कोठे झुकले आहे आणि हात कोठे पोचले आहेत, याच दोन गोष्टींवर सारा भार असतो.

तोलाचा नियमही लक्षात ठेवावा. स्थिर उभ्या माणसाचे डोके त्याच्या दोन पावलांच्या मधल्या जागेच्या वर असते. ते त्या जागेबाहेर गेले की माणूस एकतर चालत असतो किंवा पडत असतो. धावणारा मुलगा काढताना डोके मुद्दाम पुढच्या पावलाकडे न्यावे, तो लगेच धावू लागेल. लहान मूल आणि मोठा माणूस यांतील फरक उंचीने दाखवला, तर मूल बुटक्या माणसासारखे दिसते. प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट असते, तर पाच-सहा वर्षांच्या मुलाची सुमारे साडेपाच पट. म्हणजे मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे काढायचे. फळ्यावर तर ते आणखी थोडे मोठे काढले तरी चालते.

फळ्यावर काढण्यात कागदापेक्षा एक वेगळी अडचण असते, तीही सांगतो. आपण फळ्याला चिकटून उभे असतो आणि मुले पंधरा फुटांवर बसलेली असतात. म्हणून मनगटाने न काढता खांद्यापासून हात फिरवून काढावे, आकृती किमान वीतभर उंच ठेवावी आणि खडू अर्धा मोडून, आडवा धरून कंबरेचे त्रिकोण भरून टाकावेत. बारीक रेषेची आकृती शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही, भरीव आकृती पोचते. आपल्या वर्गात वारली घरांतील मुले असतील, तर हे सारे त्यांच्याकडूनच शिकावे असे मी सुचवेन. माझ्यापेक्षा ती ते अधिक बिनचूक सांगतील.

प्रश्न : मी रोज लोकलने दीड तास प्रवास करते आणि डब्यातील बायका रेखाटण्याचा प्रयत्न करते. कुणी स्थिर राहत नाही, आणि कुणी पाहिले तर संकोचही वाटतो. छायाचित्र काढून घरी त्यावरून काढणे योग्य ठरेल का? (वाचक, बदलापूर)

उत्तर : अनोळखी स्त्रियांची छायाचित्रे त्यांच्या नकळत काढू नयेत, हा मुद्दा चित्रकलेच्या आधीचा आहे आणि त्यावर मी चर्चा करणार नाही. रेखाटनाचे मात्र तसे नाही. चार इंची वहीत काढलेली पाठमोरी आकृती कुणाची ओळख उघड करत नाही, आणि कुणी पाहिलेच तर वही पुढे करून दाखवावी. बहुतेक वेळा त्या शेजारणीला बोलावून दाखवतात आणि तुम्हाला एक अधिक धीराची मॉडेल मिळते.

हलणाऱ्या माणसाची अडचण कागदावर न सोडवता स्मरणात सोडवावी. रेखाकला परीक्षेत ‘स्मरणचित्र’ हा स्वतंत्र विषय आहे. परीक्षेनंतर तो आपण सारे विसरतो. एका व्यक्तीकडे पाच श्वास होईपर्यंत नुसते पाहावे, पेन्सिल खाली ठेवूनच. मग नजर वहीकडे वळवावी आणि पुन्हा वर न पाहता काढावे. आरंभ पाठीच्या रेषेने करावा. झोपलेल्या बाईचे डोके खिडकीकडे कोणत्या कोनात झुकले आहे, मांडीवरच्या पर्सवर हात कसे घट्ट आहेत, दांडीला धरलेल्या हाताचा खांदा दुसऱ्यापेक्षा किती वर गेला आहे, एवढे आठवले की आकृती उभी राहते. साडीची नक्षी आणि कानातले आठवले नाही, तर सोडून द्यावे. मोबाइलमध्ये मान घालून बसलेल्या बायका सर्वांत सोप्या. त्या दोन स्थानके तरी हलत नाहीत.

गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा (१९२६–२०११) तरुणपणी दैनंदिनी लिहीत, तशीच ती काढतही असत : गावातील माणसे, समारंभ, घरातील गडबड, सारे रोजच्या रोज. आपणही प्रत्येक पानावर तारीख आणि गाडीची वेळ लिहावी. ७.४२ च्या गाडीतील तीच तीच माणसे आपल्याला रोज दिसत असणार, आणि सोमवारी न जमलेला खांदा गुरुवारी पुन्हा समोर येईल.

छायाचित्रांवरून काढायचेच असेल, तर आपल्या घरातील माणसांची छायाचित्रे घ्यावीत, तीही त्यांना सांगून. चेहरा काढताना एक गोष्ट आधी तपासावी : डोळे हे डोक्याचा माथा आणि हनुवटी यांच्या बरोबर मध्यावर येतात. जवळजवळ प्रत्येक नवशिका ते कपाळाजवळ, वरच्या तिसऱ्या भागात काढतो, कारण आपले लक्ष चेहऱ्याकडे असते आणि केसांखालच्या कवटीकडे नसते. आईचे किंवा आजीचे चित्र ‘त्यांच्यासारखे दिसत नाही’ अशी तक्रार असेल, तर नाक-ओठ पुन्हा पुन्हा खोडण्यापूर्वी कपाळावर आणि माथ्यावर आणखी बोटभर जागा वाढवून पाहावी.